वही आपली, कुलूप दुसऱ्याचे

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. महिन्याची वीस तारीख तोंडावर आली होती आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायचे होते. आमच्या मुनीमजींनी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर एकच ओळ आली. आपली वर्गणी संपली आहे, खाते बंद करण्यात आले आहे. वर्गणी आम्ही भरली होती. बँकेने आमच्या खात्यातून पैसे कापले होते. हिशेबाचा प्रोग्राम देणारी कंपनी म्हणत होती, आमच्याकडे पैसे पोहोचले नाहीत. या भानगडीत चार दिवस गेले.

विवरणपत्राला उशीर झाला म्हणून विलंब शुल्क भरावे लागले. ती रक्कम काही मोठी नव्हती. मनाला लागले ते वेगळेच. त्या चार दिवसांत आमचा एक जुना गिऱ्हाईक मालेगावहून आला. पैसे द्यायलाच आला होता. त्याने विचारले, "शेठ, माझ्याकडे किती निघतात?" आणि आम्हाला त्याला सांगता आले नाही. तीस वर्षे कापडाचा धंदा केला, पण पैसे घेऊन दारात आलेल्या माणसाला हिशेब सांगता आला नाही असे कधी झाले नव्हते. आमची खतावणी, आमची रोजकीर्द, आमची उधारी, सगळे आमचेच होते. पण ते ज्या पेटीत होते तिचे कुलूप दुसऱ्याच्या हातात होते.

खाते उघडल्यावर आम्ही कंपनीला सांगितले की आमचा सगळा हिशेब आमच्या ताब्यात द्या. त्यांनी एक फाइल दिली. ती दुसऱ्या कोणत्याही प्रोग्राममध्ये नीट उघडेना. मुनीमजी म्हणाले, "शेठ, लाल वही कधी बंद पडली नव्हती." त्यांचे म्हणणे खरे होते. पण लाल वहीकडे परत जाणेही आता शक्य नाही. दुकान मुंबईत, गोडाऊन भिवंडीत, मुलगा महिन्यातले दहा दिवस सुरतेत. तिघांना एकच हिशेब एकाच वेळी दिसला पाहिजे.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो. हिशेब आपल्याच दुकानात राहील आणि तरीही चार ठिकाणची माणसे त्यात एकत्र लिहू शकतील, असे काही होऊ शकते का? धाकट्या मुलाने शोधून एक इंग्रजी निबंध आणून दिला आणि म्हणाला, "अब्बा, तुम्ही जे विचारता तेच या माणसाने विचारले आहे." त्या माणसाची आणि त्याच्या कामाची माहिती व्यापारी बंधूंना द्यावी म्हणून हा लेख.

धंदा करून संशोधनात आलेला माणूस

या शास्त्रज्ञाचे नाव मार्टिन क्लेपमन. इंग्लंडमधील केम्ब्रिज विद्यापीठात ते कॉम्प्युटरशास्त्राचे अध्यापक आहेत. मधल्या काळात जर्मनीतील म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही त्यांनी काम केले. विशेष हे की संशोधनात येण्यापूर्वी त्यांनी स्वतः धंदा केला होता. त्यांनी सुरू केलेली एक कंपनी २००९ मध्ये विकली गेली. दुसरी कंपनी रॅपोर्टिव्ह, ती त्यांनी भागीदारांबरोबर काढली होती आणि २०१२ मध्ये लिंक्डइनने विकत घेतली. मोठमोठ्या कंपन्या लोकांची माहिती कशी साठवतात आणि कशी हाताळतात हे त्यांनी आतून पाहिलेले आहे. या विषयावरचे त्यांचे जाड पुस्तक २०१७ मध्ये निघाले आणि जगभरच्या प्रोग्रामरांच्या टेबलावर ते दिसते.

आम्हाला मिळालेला निबंध २०१९ चा. तो क्लेपमन यांनी इंक अँड स्विच या संशोधन गटातील ॲडम विगिन्स, पीटर व्हॅन हार्डेनबर्ग आणि मार्क मॅकग्रॅनाघन यांच्याबरोबर लिहिला. त्यात त्यांनी एका नव्या तऱ्हेच्या प्रोग्रामला नाव दिले, लोकल फर्स्ट. म्हणजे आधी आपल्या जागी, मग बाहेर. चांगल्या प्रोग्रामकडून सात गोष्टींची अपेक्षा करावी असे त्यांनी मांडले. काम ताबडतोब व्हावे, गोल फिरणारे चक्र पाहत बसायला लागू नये. आपले काम एकाच यंत्रात अडकून राहू नये. इंटरनेट नसले तरी काम थांबू नये. इतरांबरोबर एकत्र काम करता यावे. कंपनी बुडाली तरी दहावीस वर्षांनी आपली कागदपत्रे वाचता यावीत. आपली माहिती तिऱ्हाइताला दिसू नये. आणि शेवटचे, मालकी आणि ताबा आपलाच असावा.

यातली कोणतीही मागणी कापडवाल्याला नवीन वाटणार नाही. आपल्या वहीकडून आपण हेच मागत आलो आहोत.

दुसऱ्याच्या गोडाऊनमधला माल

आज ज्याला क्लाउड म्हणतात ते म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी कॉम्प्युटर. आपली वही त्या कॉम्प्युटरवर पडलेली असते. आपल्या पडद्यावर तिची नक्कल दिसते. आपण एक आकडा लिहिला की तो आधी तिकडे जातो, तिकडे नोंदला जातो आणि मग आपल्याला दिसतो. माल आपला, पण पडला आहे दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये, आणि पावतीवरच्या बारीक अक्षरांतल्या अटी त्याच्या.

या पद्धतीचे फायदे आहेत, ते नाकारून चालणार नाही. दुकान जळाले किंवा पाण्यात गेले तरी हिशेब वाचतो. मोबाईल हरवला तर नवा घेऊन काम सुरू करता येते. चार माणसे एकत्र लिहू शकतात. म्हणूनच आम्ही स्वतः त्यात गेलो होतो.

पण धोकेही उघड झाले आहेत. १ जुलै २०१३ रोजी गूगलने आपली रीडर नावाची सेवा बंद केली. कंपनी जोरात चालली होती, तिला फक्त ती सेवा चालवायची नव्हती. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी गूगल डॉक्सवर लिहिणाऱ्या काही लोकांना स्वतःचेच कागद उघडता येईनात. कागदात नियमभंग आहे असे यंत्राने चुकून ठरवले होते. पुढे गूगलने चूक मान्य केली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या यंत्रणेत एक चुकीचा बदल झाला आणि व्हॉट्सॲपसह सगळे सुमारे सहा तास बंद पडले. आपल्यापैकी कित्येकांच्या ऑर्डरी त्या दिवशी अडकल्या असतील.

आता आपल्या कायद्याकडे पाहा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. म्हणजे सहा वर्षे. अधिकाऱ्याने मागितली तर दाखवण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची आहे. प्रोग्रामवाली कंपनी चौथ्या वर्षी बंद पडली, असे सांगून आपली सुटका होत नाही.

शंभर ताग्यांचा घोळ

मग हिशेब आपल्याच यंत्रात का ठेवू नये? ठेवता येतो. टॅलीसारखा प्रोग्राम आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालतो आणि त्याचा डेटा आपल्याच यंत्रात राहतो. पण गाडी अडते ती अनेक हातांनी लिहिण्यापाशी. याचे उदाहरण आमच्याच गोडाऊनचे देतो.

भिवंडीत पांढऱ्या पॉपलिनचे १०० तागे होते. दुकानातून २० तागे विकले गेले. मुलाने आपल्या मोबाईलवर शिल्लक ८० लिहिली. त्याच वेळी गोडाऊनच्या माणसाने ३० तागे रवाना केले. तिथे नेट नव्हते, त्याने आपल्या मोबाईलवर शिल्लक ७० लिहिली. संध्याकाळी नेट आले. दोन्ही मोबाईल एकमेकांशी बोलले आणि शेवटी आलेला आकडा राहिला, ७०. प्रत्यक्षात गोडाऊनमध्ये तागे ५०. दुसऱ्या दिवशी मुलाने त्या ७० वर भरवसा ठेवून ६० ताग्यांचा सौदा केला आणि पार्टीपुढे आमची मान खाली गेली.

आजचे बहुतेक प्रोग्राम हा घोळ टाळण्यासाठी मधे एक मालक बसवतात. सगळ्यांनी आपापला बदल त्याच्याकडे पाठवायचा, त्याने क्रम लावायचा. एकाच कागदावर अनेकांनी लिहावे यासाठीची अशी एक पद्धत एलिस आणि गिब्स या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली होती आणि गूगल डॉक्स तिच्याच सुधारलेल्या रूपावर उभे आहे. तिथे मधला मालक म्हणजे कंपनीचा सर्व्हर. तो बसला की पद्धत चालते. तो उठला की सगळे ठप्प. आमची वही त्याच्या कुलपात का गेली, याचे मूळ इथे आहे.

२०११ मध्ये फ्रान्सचे मार्क शापिरो, पोर्तुगालचे नुनो प्रेगिसा आणि कार्लोस बाकेरो, तसेच मारेक झाविरस्की यांनी दुसरी वाट दाखवली. तिला सीआरडीटी म्हणतात. नाव अवघड आहे, पण कल्पना कोणताही मुनीम समजेल. शिल्लक लिहू नका, जावक लिहा. मुलाने लिहावे, २० गेले. गोडाऊनवाल्याने लिहावे, ३० गेले. दोन्ही चिठ्ठ्या कोणत्याही क्रमाने आल्या तरी १०० मधून ५० जातात आणि ५० उरतात. एक चिठ्ठी दोनदा आली तर? प्रत्येक चिठ्ठीवर तिचा वेगळा नंबर असतो, जसा चलानावर असतो. नंबर आधी नोंदला असेल तर दुसऱ्यांदा मोजायचा नाही. चिठ्ठी दोन दिवस उशिरा आली तरी आली की हिशेबात बसते. ज्या ज्या यंत्रात सगळ्या चिठ्ठ्या पोहोचल्या, त्या सगळ्यांत एकच शिल्लक दिसते. मधला मालक लागत नाही.

आकड्यांचे हे सोपे आहे. मजकुराचे कठीण. एकाच ऑर्डरीच्या कागदावर दोन माणसे दोन ठिकाणी शब्द घालतात आणि तिसरा ओळ खोडतो, तेव्हा काय करायचे? उपाय असा की प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर द्यायचा. त्यात कोणत्या यंत्राने लिहिले आणि त्या यंत्राचे ते कितवे अक्षर, हे असते. नवे अक्षर सांगते की मी अमक्या नंबरच्या अक्षरानंतर बसणार. पानावरची जागा बदलली तरी नंबर बदलत नाही. खोडलेल्या अक्षराची खूण आत राहते, जसे आपण पक्क्या वहीत खाडाखोड न करता उलट नोंद करतो. क्रम लावण्यासाठी घड्याळावर भरवसा ठेवत नाहीत, कारण कोणाच्या मोबाईलचे घड्याळ पुढे असेल आणि कोणाचे मागे. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीनंतर झाली एवढेच मोजत जायचे. ही युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवली आहे.

आणि भावाचे काय? एका कापडाचा भाव मुलाने मीटरला ६२ रुपये लिहिला आणि आम्ही ६४. यात बेरीज वजाबाकी चालत नाही. क्लेपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ऑटोमर्ज या प्रोग्रामात अशा वेळी सगळी यंत्रे एकाच नियमाने एक भाव पुढे ठेवतात. पण दुसरा भाव फेकून देत नाहीत, तो बाजूला जपतात आणि विचारले की दाखवतात. भाव कोणता धरायचा हे माणसांनी बसून ठरवायचे. आम्हाला हे योग्य वाटते. कोणाचे लिहिलेले गुपचूप पुसून टाकणे हा घरातल्या भांडणाचा पाया असतो.

पुराव्यावाचून भरवसा नाही

क्लेपमन यांच्या कामातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की त्यांनी आपल्या आणि इतरांच्या पद्धती तपासून घेतल्या. या क्षेत्रात अनेक विद्वानांनी आमची पद्धत बिनचूक आहे असे छापून सांगितले होते आणि पुढे त्यात चुका निघाल्या होत्या. कागदावर हाताने केलेली सिद्धता वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. २०१७ मध्ये क्लेपमन यांनी व्हिक्टर गोम्स, डॉमिनिक मलिगन आणि अ‍ॅलिस्टर बेरेसफर्ड यांच्याबरोबर इझाबेल नावाचे साधन वापरले. यात गणितातली सिद्धता कॉम्प्युटर पायरीपायरीने तपासतो आणि एकही पायरी निसटली तर पुढे जाऊ देत नाही. नेट तुटले, चिठ्ठ्या उशिरा आल्या, मागेपुढे आल्या, तरी शेवटी सगळ्यांची वही एकच होते, हे काही पद्धतींबाबत त्यांनी अशा रीतीने सिद्ध केले.

पण वही एकच होणे म्हणजे वही बरोबर होणे असे नव्हे. दोन माणसांनी नेट नसताना एकाच जागी दोन वेगळे शब्द लिहिले, तर काही पद्धतींत दोन्ही शब्दांची अक्षरे एकमेकांत मिसळत. सगळ्यांना सारखेच दिसे, पण वाचता येत नसे. हा दोष क्लेपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिला. त्यानंतर तो टाळणाऱ्या पद्धतीही पुढे आल्या.

दुसरी अडचण वजनाची. प्रत्येक अक्षराला नंबर आणि सगळा इतिहास जपायचा, तर वही फुगत जाणार. क्लेपमन यांनी आपला एक लेख लिहिताना प्रत्येक अक्षराची नोंद करून ठेवली होती. लिहिणे आणि खोडणे मिळून सुमारे २ लाख ६० हजार बदल, आणि शेवटी उरलेला मजकूर सुमारे १ लाख ५ हजार अक्षरांचा. या एका लेखावर आज जगभरचे लोक आपापल्या प्रोग्रामची परीक्षा घेतात, जसे आपण एकच तागा घेऊन वेगवेगळ्या प्रोसेस हाउसचा रंग तपासतो. २०२३ मध्ये ऑटोमर्जची दुसरी मोठी आवृत्ती आली, ती पहिल्यापेक्षा बरीच हलकी आणि वेगवान झाली.

सीलबंद गठ्ठा

आता सुरक्षिततेकडे येऊ. व्यापाऱ्याच्या वहीत त्याची सगळी कुंडली असते. कोणाकडून किती भावाने घेतले, कोणाला किती उधार दिले, कोण पैसे बुडवतो. ही माहिती दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती लागली तर धंदा संपतो. नेहमीच्या क्लाउड प्रोग्राममध्ये ती कंपनीच्या यंत्राला वाचता येते, कारण वाचल्याशिवाय ते यंत्र क्रम लावू शकत नाही.

केम्ब्रिजच्या या मंडळींचा विचार असा की मधल्या यंत्राला मालक न करता हमाल करावे. आपल्या मोबाईलवर गठ्ठा सीलबंद होईल, दुसऱ्या टोकाला आपल्याच माणसाच्या मोबाईलवर सील उघडेल. हमालाने गठ्ठा वाहायचा, आत काय आहे हे त्याला कळणार नाही. व्हॉट्सॲपवरचे निरोप २०१६ पासून अशाच रीतीने टोकापासून टोकापर्यंत बंद असतात. निरोप एकदा पाठवला की संपला. वहीचे तसे नसते, ती रोज बदलते आणि अनेकांच्या हातांनी बदलते. म्हणून काम अवघड होते.

हमालाने गठ्ठा लंपास केला किंवा आपल्यातलाच एक माणूस एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी चिठ्ठी देऊ लागला तर? कॉम्प्युटरशास्त्रात या प्रश्नाचे नाव बायझंटाईन सेनापतींचा प्रश्न असे आहे. ते १९८२ च्या एका लेखावरून पडले. त्या लेखकांमध्येही लॅम्पोर्ट आहेत. क्लेपमन यांनी २०२२ मध्ये दाखवले की प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या आधीच्या चिठ्ठ्यांचा ठसा उमटवला तर अशी लबाडी चालत नाही. ठसा म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांब आकडा. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. दोन माणसे भेटली की आपापले शेवटचे ठसे जुळवतात. जुळले तर मागचे सगळे जुळले. नाही जुळले तर कोणती चिठ्ठी आपल्याकडे नाही ते शोधून मागून घेतात.

इथे काही वाचकांना बिटकॉइन आठवेल. ठशांची साखळी तिथेही आहे, पण हे काम निराळे आहे. इथे नाणे नाही, सट्टा नाही, वीज जाळणारी यंत्रे नाहीत. लबाड सभासदांची संख्या किती यावरही ही पद्धत अवलंबून नाही. प्रामाणिक माणसे एकमेकांपर्यंत पोहोचू शकली की त्यांच्या वह्या जुळतात.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. दुकानाची चावी परत घेता येते. मोबाईलमधल्या वहीची चावी कशी घेणार? गटातून एकाला काढले की उरलेल्यांनी नवी चावी तयार करायची आणि पुढचे सगळे त्या चावीने बंद करायचे. मधे मालक नसताना हे कसे करावे याची एक रीत क्लेपमन, बेरेसफर्ड, मॅथ्यू वाइडनर आणि डॅनियल ह्यूगेनरॉथ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. पण गेलेल्या माणसाने जे आधीच वाचले ते त्याच्याकडून परत घेता येत नाही. आणि दोन भागीदारांनी एकाच वेळी एकमेकांना काढून टाकले तर कोण राहिला, हा प्रश्न नुसत्या गणिताने सुटत नाही. भागीदारीच्या कागदावर ते आधीच लिहिलेले असावे लागते.

जे होत नाही तेही सांगितले पाहिजे

वस्तूची फक्त तारीफ करणारा दलाल आपण ओळखतो. म्हणून उणिवाही सांगतो.

गोडाऊनमध्ये ४० तागे उरले आहेत. नेट बंद आहे. दुकानाने ४० विकले आणि मुलाने सुरतेत तेच ४० विकले. चिठ्ठ्या जुळल्यावर हिशेब बिनचूक येईल, उणे ४०. पण विकलेला माल कुठून देणार? शेवटचा माल एकालाच विकला जावा यासाठी विकण्यापूर्वी विचारणे भाग असते, आणि विचारण्यासाठी संपर्क लागतो. ही अडचण कोणत्याही चातुर्याने जात नाही. तिच्यावर व्यवहारातला तोडगा आहे, आधीच वाटणी करून ठेवणे. २५ तागे दुकानाचे, १५ मुलाचे. आपल्या वाट्याबाहेर कोणी विकायचे नाही. बँकेच्या खात्याचेही असेच आहे. एकच रुपया दोनदा खर्च होऊ नये म्हणून तिथे मधला हिशेबनीस लागतो आणि लागत राहील.

दुसरी उणीव चावीची. कंपनीच्या खात्याचा पासवर्ड विसरलात तर कंपनी नवा देते. वही खरोखर फक्त तुमचीच असेल, तर चावी हरवल्यावर उघडून देणारा कोणी नाही. ताबा आपला म्हटला की जबाबदारीही आपली. चावीची नक्कल घरच्या माणसाकडे किंवा तिजोरीत ठेवायची सवय लावावी लागेल.

तिसरी उणीव अशी की हे काम अजून प्रयोगशाळेतून बाजारात येत आहे. प्रोग्राम लिहिणारे लोक मात्र फार वर्षांपासून असेच काम करतात. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केलेल्या गिट या साधनात प्रत्येकाच्या यंत्रात कामाचा पूर्ण इतिहास असतो. मात्र ते शिकायला कठीण आहे, मुनीमजींच्या हाती देण्याजोगे नाही. हिशेबाच्या बाजूला ॲक्च्युअल नावाचा घरखर्चाचा प्रोग्राम आहे. त्याचे कर्ते जेम्स लाँग यांनी २०२२ मध्ये तो सर्वांसाठी मोफत आणि खुला केला. तो आपल्या यंत्रात चालतो आणि दोन यंत्रांतला हिशेब याच चिठ्ठ्यांच्या पद्धतीने जुळवतो. पण तो घरखर्चासाठी आहे. जीएसटी, बिल्टी, ताग्यांचा साठा आणि उधारी सांभाळणारा असा प्रोग्राम आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही. आपल्या बिरादरीत कॉम्प्युटर शिकलेली मुले आता कमी नाहीत. ऑटोमर्ज वापरायला मोफत आहे. त्यांनी इकडे लक्ष दिले तर लहान व्यापाऱ्याच्या कामाचा माल तयार होईल.

तोपर्यंत काय करावे

व्यापारी बंधूंनी उद्याच आपला प्रोग्राम फेकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. पण नवा घेताना किंवा जुन्याची वर्गणी भरताना विकणाऱ्याला हे प्रश्न जरूर विचारावेत.

नेट नसेल तेव्हा बिल फाडता येईल का? वर्गणी थकली तर जुना हिशेब निदान वाचता येईल का? सगळा हिशेब एका झटक्यात बाहेर काढता येतो का, आणि तो दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडतो का? दोन माणसांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय होते, आणि पुसले गेलेले परत दिसते का? आमचा हिशेब तुमच्या माणसांना वाचता येतो का? नोकर सोडून गेला तर त्याचा रस्ता त्याच दिवशी बंद करता येतो का?

चौथ्या प्रश्नाशी कायद्याचाही संबंध आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असाच प्रोग्राम वापरावा लागतो ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. आपली पेढी कंपनी नसली तरी ही शिस्त फायद्याचीच आहे.

आमच्या दुकानात आता आम्ही एक नियम केला आहे. दर जुम्याला दुकान बंद होण्याआधी मुनीमजी आठवड्याचा सगळा हिशेब साध्या फाइलीत काढतात. एक नक्कल दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये, एक भिवंडीला, एक घरी कपाटात. महिन्याच्या शेवटी त्यातली एक नक्कल उघडून पाहतात, कारण न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेला गठ्ठा. उधारीची यादी छापून गल्ल्यात ठेवतात. गोडाऊनवाल्याला सक्त ताकीद आहे, शिल्लक लिहायची नाही, जावक लिहायची.

मालेगावचा तो गिऱ्हाईक गेल्या महिन्यात पुन्हा आला होता. त्या दिवशी नेट बंद होते. त्याने हसत विचारले, "शेठ, आज तरी सांगाल ना, किती निघतात?" मुनीमजींनी गल्ल्यातली यादी काढली आणि आकडा सांगितला. त्याने पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि चहा पिऊन गेला.